बुडाशी नाव

चर्चच्या तळघरात, डाव्या हाताच्या कपाटात
एकूण एकेचाळीस भांडी आहेत.
काचेची, इनॅमलची, आणि तांब्याचं एक,
ज्याला कल्हई कुणी केली असेल तर ती माझ्या जन्माआधी.
प्रत्येकाच्या बुडाला चिकटपट्टी, पट्टीवर शाईनं नाव,
म्हणजे पंगत आटोपली की ज्याचं त्याच्या घरी जावं.

किल्ली माझ्याकडे असते, अठ्ठ्याण्णवपासून.
त्याआधी विल्हेल्मिना रस्टकडे होती,
ती तर पाद्रीलाही चमचा मोजून द्यायची.

गावाचं नाव टाइड. म्हणजे भरती.
आयोवात, समुद्र हजार मैलांवर,
इथं पाणी म्हणजे विहीर, नाहीतर मार्चमधला चिखल.
स्टेशनासाठी जमीन दिली हिन्रिक टीडेनं,
रेल्वेच्या कारकुनानं पाटीवर त्याचं एक अक्षर खाल्लं.
म्हातारा म्हणे दर रविवारी पाटीखाली उभा राहून
जर्मनमध्ये पुटपुटायचा.
पाटी बदलायला चार डॉलर लागणार होते.
गावानं चार डॉलर हातपंपाला दिले.

भरती आली होती, नाही असं नाही.
दोन बँका, सोळा जणांचा बँड,
टोप्या शिवणारी एक बाई, तिचे दोन नवरे (एकामागून एक),
रुळांलगत धान्याचं उंच कोठार,
शाळेवर दुसरा मजला.
घटसर्पाच्या हिवाळ्यात टेस्डालांची चार पोरं गेली.
सुतारानं पेट्यांचे पैसे घेतले नाहीत,
एवढंच म्हणाला,
मापं तेवढी दुसऱ्या कुणीतरी घ्या.

आणि अठरा साली, लढाईत,
राज्याचा हुकूम आला : चारचौघांत इंग्रजीच बोलायचं.
अर्ध्या बायकांना इंग्रजी येत नव्हतं.
त्या वर्षी तळघरात
त्यांनी मुक्यानं बटाटे सोलले.
तांब्याच्या भांड्यावरचं नाव तेव्हाचं असावं,
खिळ्यानं कोरलेलं, जुन्या जर्मन वळणाचं.
मी रोज घासते. मला वाचता येत नाही.

नंतरचं काय सांगू, सगळ्यांचं तेच.
रूळ उपटले, भंगारात विकले.
ब्याऐंशीत शाळा गेली,
पोरं बसनं बावीस मैलांवर जाऊ लागली,
ज्या गावानं आम्हाला बास्केटबॉलमध्ये कायम धूळ चारली
त्याच गावाची जर्सी घालून.
भोंगा मात्र बाराला अजून होतो.
अठ्ठ्याऐंशी माणसं घड्याळाकडे बघतात,
आणि डोरीन बूलमनचा कुत्रा रडतो.

गेल्या गुरुवारी डेलमर ओकेंगाला पोचवलं.
वारा असा, की शवपेटीवरची फुलं बाजूच्या शेतात गेली.
मग खाली जेवण : हॅम, बटाटे,
गाजर घातलेली हिरवी जेली, जी कुणालाच आवडत नाही
आणि जी कधी उरत नाही.
बटाटे होते मर्ना फ्रिट्झच्या भांड्यात.
एका कुंपणापायी डेलमर तिच्याशी एकतीस वर्षं बोलला नव्हता.
ती जाऊन नऊ वर्षं झाली.
भांडं न्यायला तिचं कुणी आलं नाही,
तसं एकेचाळिसातल्या कुठल्याच भांड्याला आलं नाही.
म्हणून तर ती इथं आहेत.
घासताना मी एकेक उलटं करते
आणि नावं वाचते, मनात नाही, मोठ्यानं.
नळाच्या आवाजात कुणाला ऐकू जात नाही.

परवा मात्र मागे कुणीतरी उभं होतं.
एउलालिया शोल. अंड्यांच्या कारखान्यात रात्रपाळी करते,
ग्वाटेमालाकडची, रस्टांच्या घरात भाड्यानं राहते.
मक्याच्या सालीत बांधलेलं काहीतरी घेऊन आली होती, वाफाळतं,
डेलमरच्या बायकोसाठी.
मी तिला चिकटपट्टी दिली, पेन दिलं.
म्हटलं, बुडाशी नाव लिही.
ती हसली. कशाला, म्हणाली,
मी तर उद्याच परत नेणार आहे.

सगळ्या असंच म्हणाल्या होत्या, मी म्हटलं.

तिनं लिहिलं.
भांडं अजून गरम होतं,
पट्टी नीट चिकटेना.